ड्रायव्हर नाही की फर्मवेअर नाही? लिनक्सवरचा यूएसबी वायफाय अडॅप्टर चालत नसेल तेव्हा

जुन्या लॅपटॉपवर डेबियन किंवा मिंट यांसारखं लिनक्स टाकलं की मशीन पुन्हा वापरण्याजोगं होतं. अडतं बहुतेक वेळा वायफायपाशी. बाजारातून छोटा यूएसबी अडॅप्टर आणून लावावा, तर नेटवर्कच्या यादीत एकही नाव नाही. मग कुणाला विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "ड्रायव्हर नसेल, टाकून घ्या." इथून पुढे संध्याकाळ वाया जायला सुरुवात होते. कारण कितीतरी वेळा ड्रायव्हर मशीनवर आधीपासून असतो, नसतं ते फर्मवेअर. दोन्हींचं वरवरचं लक्षण एकच, वायफाय दिसत नाही. उपाय मात्र अगदी वेगळे, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

ड्रायव्हर हा कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, भाग. तो तुमच्या संगणकाच्या प्रोसेसरवर चालतो आणि अडॅप्टरशी कसं बोलायचं ते त्याला माहीत असतं. फर्मवेअर चालतं ते अडॅप्टरच्या आतल्या चिपवर. स्वस्त अडॅप्टरमध्ये हे फर्मवेअर कायमचं साठवून ठेवायला जागाच दिलेली नसते. प्रत्येक वेळी अडॅप्टर लावला की ड्रायव्हर हार्ड डिस्कवरच्या लिब/फर्मवेअर या फोल्डरमधून एक फाइल उचलतो आणि यूएसबीवरून चिपमध्ये भरतो. अडॅप्टर काढला की चिप पुन्हा कोरी. फाइल अगदी छोटी असते. एथेरोसच्या एआर९२७१ या चिपची जेमतेम ५० केबीची आहे. पण ती नसेल तर उत्तम ड्रायव्हर असूनही काही होत नाही.

जुन्या मशीनवाल्यांनी यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ड्रायव्हर कर्नलच्या आवृत्तीला आणि प्रोसेसरला बांधलेला असतो. ६४-बिट मशीनवरचा ड्रायव्हर उचलून ३२-बिट मशीनवर ठेवला तर चालणार नाही, आणि ६.१ कर्नलचा ५.१० मध्येही चालणार नाही. फर्मवेअरच्या फाइलला असलं काही बंधन नाही, कारण ती तुमच्या प्रोसेसरसाठी लिहिलेलीच नसते. शेजाऱ्याच्या नव्या ६४-बिट लॅपटॉपवरून तीच फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि तुमच्या पेंटियम ४ वर ठेवा, चालेल.

दोन्ही वेगवेगळ्या जागी का ठेवलेली असतात, याचं कारण परवान्यात आहे. लिनक्सचा ड्रायव्हर मुक्त असतो, त्याचा सोर्स कोड सगळ्यांसमोर असतो. फर्मवेअर बहुतेक चिप कंपन्या तयार फाइल म्हणूनच देतात. वाटायला परवानगी असते, पण आत काय आहे ते दाखवत नाहीत. डेबियनने तत्त्व म्हणून अशा फाइल्स वर्षानुवर्षं आपल्या अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवल्या. २०२२ मध्ये प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदान करून हे बदललं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ च्या इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर आलं. मला हा निर्णय योग्य वाटतो. वायफायशिवाय दुसरी सोय नसलेल्या माणसाला मुक्त प्रणाली बसवताच आली नाही, तर तत्त्वाचा उपयोग कुणाला?

म्हणून साधा अंदाज असा बांधता येतो. डेबियन ११ किंवा त्याआधीची अधिकृत सीडी वापरली असेल तर पहिला संशय फर्मवेअरवर घ्या. उबंटू आणि मिंटमध्ये फर्मवेअरचा मोठा गठ्ठा आधीच बसवलेला असतो, तिथे ड्रायव्हर नसण्याची शक्यता जास्त. डेबियन ११ वरून १२ वर अपग्रेड केलेल्यांनी आणखी एक बघावं. १२ मध्ये फर्मवेअरसाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा वेगळा विभाग केला आहे. पॅकेजच्या स्रोतांच्या यादीत तो स्वतः घातला नसेल तर फर्मवेअरची नवी पॅकेजेस मिळत नाहीत.

अंदाज झाला, आता पुरावा. टर्मिनल उघडा, अडॅप्टर काढून परत लावा आणि लगेच सुडो लावून डीमेसेज (sudo dmesg) ही कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा द्या. शेवटच्या दहा-पंधरा ओळी सावकाश वाचा.

ड्रायव्हर नसेल तर 'न्यू यूएसबी डिव्हाइस फाउंड' अशी ओळ येते, तिच्यात अडॅप्टरचा ओळख क्रमांक असतो, खाली फार तर कंपनीचं नाव, आणि मग शांतता. कर्नलने अडॅप्टर पाहिला, पण त्याला हाक मारणारं कुणी नाही.

फर्मवेअर नसेल तर त्याच ओळींखाली आणखी एक येते: 'डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर एमटी७६०१यू.बिन फेल्ड विथ एरर -२'. एरर -२ म्हणजे त्या नावाची फाइल सापडली नाही. आता नीट बघा, फाइल मागायला कुणीतरी जागेवर असावं लागतं. ही ओळ दिसली म्हणजे ड्रायव्हर आहे, त्याने चिप ओळखली आहे आणि त्याला नेमकी कोणती फाइल हवी तेही त्याने सांगितलं आहे. यानंतर ड्रायव्हर शोधत बसण्यात अर्थ नाही.

बरेच जण डीमेसेजऐवजी एलएसयूएसबी ही यूएसबी उपकरणांची यादी देणारी आज्ञा 'उणे टी' जोडून देतात आणि ड्रायव्हरची जागा रिकामी दिसली की ड्रायव्हरच नाही असं ठरवतात. इथे गफलत होते. मीडियाटेकच्या एमटी७६०१यू चिपचा ड्रायव्हर २०१५ पासून कर्नलमध्येच आहे. पण फाइल मिळाली नाही की तो लगेच माघार घेतो आणि यादीत त्याची जागा रिकामीच दिसते. रॅलिंकचा आरटी२८००यूएसबी याच्या उलट वागतो. फर्मवेअर नसतानाही तो यादीत दिसतो, वायफायचं इंटरफेसही तयार होतं, आणि ते सुरू करायला गेलात की अडतं. शेवटचा शब्द डीमेसेजचाच.

फर्मवेअरचं निदान झालं तर काम सोपं आहे. रिअलटेकच्या चिपला डेबियनवर 'फर्मवेअर-रिअलटेक' पॅकेज लागतं, रॅलिंक आणि मीडियाटेकच्या जुन्या चिप्सना डेबियन १२ पर्यंत 'फर्मवेअर-मिस्क-नॉनफ्री', १३ मध्ये 'फर्मवेअर-मीडियाटेक'. पॅकेज दुसऱ्या मशीनवर उतरवून पेन ड्राइव्हने आणता येतं. नुसती फाइल आणली तरी चालते, फक्त डीमेसेजने सांगितलेलं नाव आणि आतलं फोल्डर तंतोतंत तेच ठेवा. 'आरटीएलवायफाय' फोल्डरमधली फाइल बाहेर ठेवली तर सापडणार नाही. अडॅप्टर काढून परत लावा. मशीन रीस्टार्ट करायची गरज बहुधा पडत नाही.

ड्रायव्हरचं दुखणं लांबतं. पहिला मार्ग नव्या कर्नलचा, डेबियनमध्ये बॅकपोर्ट्समधून, म्हणजे चालू आवृत्तीसाठी दिलेल्या नव्या पॅकेजेसच्या संग्रहातून, तो मिळतो. दुसरा मार्ग सोर्स कोड आणून डीकेएमएस या साधनाने स्वतःच्या मशीनवर ड्रायव्हर बांधण्याचा. रिअलटेकच्या आरटीएल८८१२एयू सारख्या ५ गिगाहर्ट्झच्या चिप्सना बराच काळ हाच पर्याय होता. यासाठी कंपायलर लागतो, कर्नलचे हेडर्स लागतात, दर कर्नल अपडेटला बांधणी पुन्हा होते आणि एखाद्या अपडेटनंतर ती फसते. १ जीबी रॅमच्या मशीनवर मी हा मार्ग कुणाला सुचवणार नाही. ३२-बिट मशीन असेल तर आणखीच नाही, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल देणं थांबवलं आहे. अशा वेळी अडॅप्टर बदलणं शहाणपणाचं. एआर९२७१ किंवा आरटी५३७० चिपचा जुना अडॅप्टर शोधा. वेग कमी मिळेल, पण त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये कित्येक वर्षं मुरलेले आहेत.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की पुण्याच्या तपकीर गल्लीत, विकत घेताना खोक्यावरच्या मॉडेलच्या नावावर विसंबू नका. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे ठळक उदाहरण. पहिल्या आवृत्तीत एआर९२७१ आहे. तिचा ड्रायव्हर २०१० पासून कर्नलमध्ये आहे आणि तिचं फर्मवेअरही मुक्त आहे, जे वायफायच्या जगात दुर्मीळ. आवृत्ती २ पासून आत रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस चिप आली, नाव तेच राहिलं. या चिपचा ड्रायव्हर वर्षानुवर्षं कर्नलच्या कच्च्या कामाच्या विभागात होता, नीट आधार २०२३ च्या कर्नलमध्ये मिळाला. म्हणून मागच्या लेबलवरची आवृत्ती वाचा. मिळालं तर दुकानातच लिनक्सच्या लॅपटॉपला लावून एलएसयूएसबी बघा: ०सीएफ३:९२७१ म्हणजे एथेरोस, २३५७:०१०सी म्हणजे रिअलटेक.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांपैकी कशाचाच दोष नसताना तसं भासवणारे प्रकारही आहेत. डीमेसेजमध्ये एरर -७१ किंवा -११० दिसला तर आधी पोर्ट बदला, हब काढा, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला लावा. तिथे बहुधा विजेचा किंवा वायरचा प्रश्न असतो. ओळख क्रमांक ०बीडीए:१ए२बी दिसला तर अडॅप्टर विंडोज ड्रायव्हरची सीडी असल्याचं सोंग करतो आहे. यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज त्याला खऱ्या रूपात आणतं. यूएसबी इथरनेटमध्ये आरटीएल८१५३ चिप फर्मवेअर मिळालं नाही अशी तक्रार करते आणि तरीही चालते, कारण ती फाइल फक्त दुरुस्तीची असते. चालत असेल तर तिकडे लक्ष देऊ नका.

ओपनबीएसडी ही दुसरी मुक्त प्रणाली वापरणाऱ्यांनाही हाच फरक भेटतो. तिथे ड्रायव्हर प्रणालीसोबत येतो आणि फर्मवेअर एफडब्ल्यू-अपडेट ही आज्ञा इंटरनेटवरून आणते. नेट नसेल तर 'उणे पी' जोडून तिला पेन ड्राइव्हवरचं फोल्डर दाखवता येतं.

नेट मिळवायला पॅकेज हवं आणि पॅकेज मिळवायला नेट हवं, हा पेच अँड्रॉइड फोन सोडवतो. फोन डेटा केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याला लागणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे आणि फर्मवेअर लागतच नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर मोबाइल डेटाही खर्च होत नाही. केबल मात्र फक्त चार्जिंगची नको. मशीनवर वायर्ड कनेक्शन दिसलं की हवं ते पॅकेज उतरवा, अडॅप्टर काढून परत लावा आणि डीमेसेज पुन्हा वाचा. 'फेल्ड'ची ओळ गेली असेल तर वायफायची यादी उघडा. तरीही रिकामी असेल तर वायफाय बंद केलेलं आहे का ते दाखवणारी आरएफकिल लिस्ट ही आज्ञा द्या, जुन्या लॅपटॉपच्या कडेला असलेलं वायफायचं बटण कधीकधी बंद राहिलेलं असतं.