नागीण वेढा का घालत नाही

चैत्राच्या तोंडाशी खान्देशात एखाद्या पोराच्या अंगावर फोड उठले, की घरात निंबाचा पाला येतो. त्याच घरातल्या आजीच्या बरगडीवर फोडांचा पट्टा उठला, तर तिला नागीण उतरवणाऱ्याकडे नेतात. पण कांजिण्या आणि नागीण, दोन्हींचा विषाणू एकच: व्हॅरिसेला झोस्टर. फरक आहे तो त्याच्या वाटेचा.

कांजिण्यांत तो रक्तातून जातो, म्हणून फोड छाती, पाठ, चेहरा, डोक्यातले केस, कधी तोंडाच्या आतही उठतात. तीन-चार दिवस नव्या खेपा येत राहतात. त्यामुळे पोराची पाठ उघडी करून पाहिली, तर वीतभर जागेत लाल ठिपका, पाण्याने टच्च भरलेला फोड आणि सुकलेली खपली, तिन्ही एकाच वेळी दिसतात. खाज फार सुटते. तापासाठी पॅरासिटामॉल चालतं. मुलांना ॲस्पिरिन मात्र कधीच देऊ नये, त्याने मेंदू आणि यकृतावर घातक परिणाम होऊ शकतो.

मूल बरं होतं, विषाणू मात्र मरत नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठींत वर्षानुवर्षं दडून राहतो. पन्नाशीनंतर किंवा प्रतिकारशक्ती खालावली की जागा होतो आणि बहुधा एकाच मज्जातंतूतून कातडीपर्यंत येतो. हा मज्जातंतू अर्ध्याच अंगाला पुरतो. म्हणून फोडांचे झुबके कण्यापासून निघून पुढे छातीच्या किंवा बेंबीच्या मध्यरेषेशी थांबतात. तोंड आणि शेपूट जुळली की माणूस दगावतो, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पण ती जुळायला वाटच नसते. फोड अंगभर पसरले, तर मात्र प्रतिकारशक्ती फारच ढासळलेली असू शकते. तेव्हा थेट रुग्णालय गाठावं.

नागिणीत आधी आग होते, फोड दोन-चार दिवसांनी येतात. तोवर कापूस वेचून पाठ भरली किंवा पित्त झालं असंच वाटतं. सदऱ्याचा नुसता स्पर्शही सोसवत नाही.

खरा घात होतो तो इथून पुढे. ॲसायक्लोव्हिरसारखं औषध फोड उठल्यापासून ७२ तासांत सुरू झालं, तर जास्त उपयोगी पडतं. प्रौढांना साधारणपणे ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा, ७ दिवस. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतात. गेरू लावण्यात आणि मंत्र घालण्यात नेमके हेच तीन दिवस जातात, वर लेपाखाली फोड पिकतात. खपल्या पडल्यावरही महिनोन्‌महिने ठणका राहू शकतो, आणि म्हाताऱ्या माणसांना तो जास्त छळतो.

नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही. पण कांजिण्या न झालेल्या, लस न घेतलेल्या मुलाला फोडातल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. सगळ्या खपल्या धरेपर्यंत फोड सुती कापडाने झाकावेत. तान्ही बाळं आणि गरोदर बाया यांना लांब ठेवावं.

कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला जाणारी शाखा एकच आहे.