संरक्षित दूरचित्रवाणी कार्यक्रम जतन करण्यासाठी डीव्हीडी रेकॉर्डर निवडताना
जपानमध्ये राहणाऱ्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

टोकियोतील निशी-कासाई आणि आसपासच्या भागातील मराठी कुटुंबे आमच्याकडे रेकॉर्डर पाहायला येतात, तेव्हा हार्ड डिस्क किती मोठी आहे हा प्रश्न बहुधा सर्वांत आधी विचारला जातो. आमच्या मते त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी, ती म्हणजे मुद्रित (रेकॉर्ड) केलेली डिस्क पुढे कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या देशात पाहिली जाणार आहे. मुलांचे आवडते कार्यक्रम पुण्याला किंवा सांगलीला आजी-आजोबांकडे पाठवता यावेत म्हणून हौसेने घेतलेला रेकॉर्डर नेमका त्याच कामाला उपयोगी पडत नाही, असे अनेकदा घडते. आणि त्यात यंत्राचा काहीही दोष नसतो.

याचे कारण प्रक्षेपणातच आहे. जपानमध्ये टोकियो, ओसाका आणि नागोया या भागांत १ डिसेंबर २००३ रोजी डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले आणि एप्रिल २००४ पासून कार्यक्रमांसोबत ‘कॉपी वन्स’ हा संकेत पाठवला जाऊ लागला. या नियमानुसार रेकॉर्डरच्या हार्ड डिस्कवर झालेले मुद्रण हीच ती एकमेव प्रत मानली जाते; ती डीव्हीडीवर घेतली की हार्ड डिस्कवरून पुसली जाते, म्हणजे प्रत निघत नाही, कार्यक्रम केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो. या स्थलांतरात मध्येच वीज गेली किंवा डिस्क सदोष निघाली तर कार्यक्रम कायमचा हातचा जाऊ शकतो, असा इशारा निर्माते पुस्तिकेत देतात आणि तो गंभीरपणे घ्यावा. ग्राहकांची ही अडचण लक्षात घेऊन ४ जुलै २००८ पासून ‘डबिंग १०’ हा सैल नियम लागू झाला. त्यानुसार हार्ड डिस्कवरील मुद्रणाच्या नऊ प्रती काढता येतात आणि दहाव्या वेळी मूळ मुद्रण हलवले जाते. मात्र काढलेल्या प्रतीवरून पुढची प्रत निघत नाही, आणि सशुल्क वाहिन्यांवर अजूनही बहुतांशी ‘कॉपी वन्स’च चालते.

असे कार्यक्रम डीव्हीडीवर उतरवण्यासाठी सीपीआरएम नावाची संरक्षणपद्धती वापरली जाते आणि खरेदीच्या वेळी खरी काळजी येथेच घ्यायची आहे. सीपीआरएम रेकॉर्डरला चालायला हवे, कोऱ्या डिस्कला चालायला हवे आणि नंतर ती डिस्क ज्या प्लेअरवर लावली जाईल त्यालाही चालायला हवे. या तिघांपैकी एकाने जरी साथ दिली नाही तरी पडद्यावर काहीही दिसणार नाही. दुकानात डिस्क घेताना वेष्टनावर ‘रोकुगा-यो’, म्हणजे दूरचित्रवाणी मुद्रणासाठी, असे छापलेले आहे आणि सीपीआरएमचा स्पष्ट उल्लेख आहे, याची खात्री करावी. संगणकातील माहिती साठवण्यासाठीच्या डिस्क शेजारीच ठेवलेल्या असतात व दिसायलाही तशाच असतात, परंतु संरक्षित कार्यक्रम त्यांच्यावर घेता येत नाहीत. शिवाय मुद्रण व्हीआर मोडमध्येच, म्हणजे खास रेकॉर्डिंगसाठीच्या मांडणीतच होते. जुन्या, साध्या प्लेअरना सोयीचा असलेला व्हिडिओ मोड या कार्यक्रमांसाठी उपलब्धच नसतो. डीव्हीडी-आर (एकदाच लिहिता येणारी) आणि डीव्हीडी-आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी) या डिस्क दुसऱ्या यंत्रावर लावण्यापूर्वी फायनलाइझ कराव्या लागतात, म्हणजे इतर प्लेअरना वाचता याव्यात म्हणून रेकॉर्डरवरच शेवटची प्रक्रिया करून बंद कराव्या लागतात. डीव्हीडी-रॅमला त्याची गरज नसते, मात्र ती चालवणारे प्लेअर मुळातच कमी आहेत.

भारतातील प्रश्नही याच ठिकाणी उद्भवतो. डीव्हीडी कोणत्या देशांत चालावी हे ठरवणारा विभाग-क्रमांक (रीजन कोड) जपानचा २ आणि भारताचा ५ असल्यामुळे डिस्क चालत नाही, असा अनेकांचा समज असतो, पण घरी मुद्रित केलेल्या डिस्कवर विभागाचे बंधन नसतेच, आणि जपानच्या एनटीएससी या चित्रपद्धतीचे चित्रही भारतातील बहुतेक प्लेअर दाखवतात. अडते ते सीपीआरएमपाशी, कारण भारतात विकल्या गेलेल्या सर्वसाधारण प्लेअरमध्ये ती सोय सहसा नसते. त्यामुळे डिस्क गावी पाठवायची असेल तर तिच्यासोबत सीपीआरएम आणि व्हीआर मोड चालणारा एखादा साधा प्लेअरही पाठवावा, आणि तो केवळ १०० व्होल्टचा असेल तर सोबत योग्य क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर द्यावा, कारण आपल्याकडील २३० व्होल्टच्या विजेवर तो थेट लावला तर जळेल. संपूर्ण रेकॉर्डरच भारतात नेण्याचा विचार असल्यास त्याचा उपयोग फक्त आधीची मुद्रणे पाहण्यापुरता राहील. जपानी ट्यूनर तेथील प्रक्षेपण पकडू शकत नाही.

चित्राच्या दर्जाबाबत आम्ही ग्राहकांना स्पष्टच सांगतो. ४.७ गिगाबाइटच्या डीव्हीडीवर व्हीआर मोडमध्ये घेतलेला कार्यक्रम साध्या दर्जाचा होतो. एसपी गतीला सुमारे दोन तास आणि एलपी गतीला सुमारे चार तास त्यावर मावतात, परंतु एलपीमध्ये खेळासारखी वेगवान दृश्ये भरड दिसतात. रूपांतर करावे लागत असल्याने दोन तासांच्या कार्यक्रमाला साधारण दोन तासच लागतात. पॅनासॉनिकच्या काही यंत्रांत एव्हीसीरेक या पद्धतीने डीव्हीडीवरही उच्च दर्जाचे चित्र घेता येते, पण ती डिस्क मग त्या पद्धतीला साथ देणाऱ्या यंत्रांवरच चालते. ज्यांना स्वतःच्या घरी संग्रह करायचा आहे त्यांनी ब्लू-रे रेकॉर्डरच घ्यावा, असे आमचे ठाम मत आहे, कारण २५ गिगाबाइटच्या एका डिस्कवर डिजिटल प्रक्षेपणाचा सुमारे तीन तासांचा कार्यक्रम आहे त्या दर्जात राहतो.

जपानी शिकणाऱ्या ग्राहकांसाठी येथे थोडे अधिक सांगणे आवश्यक वाटते. एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या सायंकाळी सातच्या बातम्या जपानी आणि इंग्रजी अशा दोन्ही आवाजांत प्रक्षेपित होतात आणि व्हीआर मोडमध्ये दोन्ही आवाज जतन होतात. पडद्यावर हवी तेव्हा आणता येणारी जपानी अक्षरपट्टी मात्र डीव्हीडीवर साध्या दर्जात उतरवताना निघून जाते. वाचनाच्या सरावासाठी तीच सर्वांत मोलाची असल्याने असे कार्यक्रम डीआर मोडमध्ये, म्हणजे प्रक्षेपण आहे तसेच जतन करणाऱ्या मोडमध्ये, हार्ड डिस्कवर किंवा ब्लू-रेवर ठेवावेत.

हार्ड डिस्कवरील मुद्रणे त्या एका रेकॉर्डरशी बांधलेली असतात आणि यूएसबीने जोडलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कचीही गत बहुधा तीच असते. म्हणून यंत्र बंद पडेपर्यंत न थांबता जपायचे ते वेळीच डिस्कवर घ्यावे. वापरलेला रेकॉर्डर घेताना तो डिजिटल ट्यूनरचा आहे आणि त्यासोबत बी-कॅस कार्ड (डिजिटल प्रक्षेपण पाहण्यासाठी यंत्रात घालावे लागणारे कार्ड) आहे हे पाहावे, कारण २४ जुलै २०११ रोजी बहुतेक जपानमधील अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झाले आणि तेव्हापासून केवळ अ‍ॅनालॉग ट्यूनर असलेले यंत्र स्वतः काहीच पकडत नाही.

संरक्षण तोडून प्रत काढून देण्याची विनंती कधीकधी केली जाते. तसे करणे जपानच्या कायद्याने खासगी वापरासाठीही मान्य नाही आणि आम्ही ते काम स्वीकारत नाही. आपल्या गावच्या प्लेअरचा मॉडेल-क्रमांक किंवा त्याच्या मागील बाजूचे छायाचित्र सोबत आणल्यास, त्यावर सीपीआरएम डिस्क चालेल की नाही हे आम्ही खरेदीपूर्वीच तपासून सांगू.