रणगाडा म्हणजे चौफेर जाड पोलाद?

ठाण्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी तोच मेसेज फिरतो: 'आधुनिक रणगाड्याला चारी बाजूंनी अर्धा मीटर जाड पोलाद असतं, त्याला काहीच भेदू शकत नाही.' रणगाड्याचं ते धूड पाहिलं की हे सहज खरं वाटतं.

पण हिशेब करून बघा. १ घनमीटर पोलादाचं वजन सुमारे ७.८५ टन. म्हणजे अर्धा मीटर जाडीचा १ चौरस मीटर पत्रा जवळपास ४ टनांचा. रणगाड्याचा बाहेरचा पृष्ठभाग नुसता ५० चौरस मीटर धरला, तरी २०० टन झाले! प्रत्यक्षात टी-९० साधारण ४६ टनांचा, अर्जुन मार्क १ए सुमारे ६८ टनांचा.

मग संरक्षण कुठे? मुख्यतः समोर. बाजू त्याहून पातळ. छत, तळ आणि मागची बाजू आणखी पातळ. म्हणून तर वरून आदळणारी क्षेपणास्त्रं निघाली. समोरचं कवचही निव्वळ पोलादाचं नसतं. १९६०च्या दशकात सोव्हिएत टी-६४ने पोलादाच्या थरांमध्ये वेगळं साहित्य घातलेलं मिश्र कवच आणलं.

शिवाय उताराची करामत. दुसऱ्या महायुद्धातल्या टी-३४चा पुढचा पत्रा ४५ मिलिमीटरचाच, पण उभ्या रेषेपासून ६० अंश कललेला. समोरून येणाऱ्या गोळ्याला ९० मिलिमीटर पार करावे लागत. पटत नसेल तर वडापावचा पाव सुरीने आधी सरळ, मग तिरका कापा आणि दोन्ही काप पट्टीने मोजा. (वडा नंतर.)