हवा तुटते तेव्हा

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. नागपुरात गच्चीवर असलेल्या अनेकांनी आकाशातून पेटत्या रेघा सरकताना पाहिल्या. नंतर चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीजवळच्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं सापडलं. ते चिनी रॉकेटचं असावं, असं अभ्यासकांचं मत पडलं.

पेटलं कशानं? ‘घर्षणानं’ हे उत्तर अर्धंच आहे. सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगानं येणाऱ्या वस्तूसमोरून बाजूला व्हायला हवेला सवडच मिळत नाही. ती समोरच दाबली जाते, तिथे आघात-तरंग, म्हणजे एकदम दाबल्या गेलेल्या हवेची पातळ भिंत, उभा राहतो आणि हवा भयंकर तापते. किती? चंद्रावरून परतणारं अपोलो यान आवाजाच्या ३६ पट वेगानं वातावरणात शिरायचं. शाळेतल्या ‘आदर्श वायू’च्या समीकरणांनी हिशेब केला तर समोरच्या हवेचं तापमान ५८ हजार केल्विन निघतं. खरा आकडा आहे ११ ते १२ हजार.

मग उरलेली उष्णता गेली कुठे?

याचं उत्तर आपल्या कूलरमध्ये आहे. मे महिन्याची कोरडी झळ ओल्या वाळ्याच्या ताटीतून येते, तेव्हा तिची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. म्हणून खोली गार. आघात-तरंगामागे हवेची ऊर्जा अशीच खर्च होते, फक्त रेणू तोडण्यात. साधारण २ हजार केल्विनपुढे ऑक्सिजन फुटू लागतो, ४ हजारांपुढे नायट्रोजन. सुटे अणू उरलेल्या रेणूंवर आदळून नायट्रिक ऑक्साइडही बनवतात.

कूलरचा पंखा फारच जोरात फिरला, तर हवा नीट ओली व्हायच्या आतच आत येते. इथेही तेच. रेणू तुटायला टकरी व्हाव्या लागतात, आणि उंचावरच्या विरळ हवेत त्या कमी. तेवढ्यात हवा यानाला वळसा घालून मागे गेलेलीही असते. प्रक्रिया झालीच नाही म्हणता येत नाही, पुरी झाली असंही नाही. सगळं गणित या मधल्या अवस्थेचं आहे.

ते सोडवायला संगणकात यानाभोवतीच्या जागेचे लाखो कप्पे पाडतात. प्रत्येकात वस्तुमान, संवेग, ऊर्जा, शिवाय पाच घटक (ऑक्सिजन-नायट्रोजनचे रेणू, त्यांचे सुटे अणू आणि नायट्रिक ऑक्साइड) आणि त्यांच्या एका प्रचलित प्रारूपात १७ अभिक्रिया. काही अभिक्रिया इतक्या झटपट उरकतात, की त्यांच्या तालानं वेळेची पावलं टाकली तर हिशेब संपतच नाही. प्रवाहाच्या तालानं टाकली, तर आकडे भडकतात आणि एखाद्या कप्प्यात चक्क वजा ऑक्सिजन येतो! म्हणून रसायनाचा भाग पुढच्या क्षणाची अज्ञात उत्तरं समीकरणातच धरून सोडवतात.

चूक झाली तर काय होतं, हे १९८१ मध्ये कोलंबिया या अमेरिकी अवकाश-शटलच्या पहिल्या उड्डाणात दिसलं. परतताना नाक सावरायला शेपटीखालची झडप सात-आठ अंश वळवावी लागेल असा अंदाज होता. वळवावी लागली सुमारे १६ अंश. यान सुखरूप उतरलं. पुढे गणितं झाली, तेव्हा या फरकात तुटलेल्या हवेचा मोठा हात निघाला.

तुटलेले अणू यानाच्या अंगावर पुन्हा जुळले, की खर्ची पडलेली उष्णता नेमकी तिथेच परत करतात. शटलच्या अंगावरच्या उष्णतारोधक फरश्यांवर काचेसारखा लेप होता तो याचसाठीही: त्यावर अणू सहजासहजी जुळत नाहीत.