मोरीच्या पाण्याचा पुनर्वापर

आंघोळ, कपडे आणि भांडी धुतल्यावर उरणारे, संडासाचा मैला न मिसळलेले पाणी घरातच दुसऱ्या कामाला लावणे. तांत्रिक भाषेत या पाण्याला ‘ग्रे वॉटर’ म्हणतात.

कोकणात ही रीत जुनी. न्हाणीचे पाणी पाटाने मागीलदारी माडाच्या नाहीतर केळीच्या आळ्यात सोडलेले असे, आणि वाटेवरच्या ओलीत अळू माजे. दुष्काळी भागात मुलांना परातीत उभे करून आंघोळ घालतात. त्याच पाण्यात मग पायपुसणी भिजतात. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरकरांना हे वेगळे शिकवायला नको.

सगळे मोरीचे पाणी सारखे नसते. आंघोळीचे आणि कपडे शेवटचे खळबळून काढल्याचे पाणी सर्वांत सोयीचे. खरकट्या भांड्यांच्या पाण्यात तेल आणि शिते असतात, ते लवकर आंबते. बाळाचे लंगोट किंवा आजाऱ्याचे कपडे धुतलेले पाणी मात्र गटारातच जावे. साठवणीचा नियम एकच, आजचे पाणी आजच संपवायचे. दिवसभराहून जास्त ठेवले की त्यातला प्राणवायू संपतो, ड्रमला सडका वास येतो आणि डासांची सोय होते.

झाडांना खरा त्रास धुण्याच्या पावडरीतल्या सोडियमचा. दख्खनच्या काळ्या मातीत तो साचला की माती चिकट होते, पाणी मुरत नाही आणि वाळल्यावर वर पांढुरका थर दिसतो. म्हणून कुंड्यांना अधूनमधून साधे पाणी द्यावे. कोथिंबीर, मुळा अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना हे पाणी घालू नये. केळ, माड, कर्दळ यांना चालते.

गाळणीसाठी खडी, जाड वाळू आणि बारीक वाळूचे थर पुरतात; आधी तेल आणि गाळ अडवणारी छोटी टाकी हवी. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने युनिसेफबरोबर मध्य प्रदेशातील आश्रमशाळांमध्ये अशी व्यवस्था उभारली होती. तिथे मुलांच्या आंघोळीचे पाणी गाळून संडासात वापरले जाई. शहरी घरातही मोठी बचत तिथेच आहे, कारण फ्लशची जुनी टाकी एका वेळी 10 ते 12 लिटर पाणी ओतते.

फ्लॅटमध्ये अडते ते नळकामाशी. जुन्या इमारतींत मैल्याचा आणि मोरीचा पाइप बहुधा वेगळा असतो, तिथे मोरीचे पाणी वळवता येते. एकाच उभ्या पाइपात सगळे सोडलेल्या नव्या इमारतीत फरशी फोडावी लागते. तिथे वॉशिंग मशिनची नळी बादलीत सोडणे एवढेच हाती राहते, आणि बादली भरत आली की मशिन थांबवायला कुणीतरी उभे असावे लागते.