इंटिग्रिनच्या आखूड शेपट्या : पार्श्वभूमी

पेशी भोवतालच्या जाळ्याला कशी धरून राहते, याचा शोध सुरुवातीला बाहेरच्या बाजूनेच चालला होता. १९८४ मध्ये पियर्शबाखर आणि रुओस्लाहती यांनी फायब्रोनेक्टिन या प्रथिनातली चिकटण्याची जागा अवघ्या चार अमिनो आम्लांच्या तुकड्यापर्यंत आणून ठेवली. दोनच वर्षांनी रिचर्ड हाइन्स यांच्या गटाने ती जागा पकडणाऱ्या ग्राहीच्या (पेशीच्या पृष्ठभागावरच्या पकडणाऱ्या प्रथिनाच्या) एका साखळीचा क्रम उलगडला आणि 'इंटिग्रिन' हे नाव रूढ झालं. माणसात १८ अल्फा आणि ८ बीटा साखळ्यांच्या मिळून २४ जोड्या आढळतात. प्रत्येक साखळीचा भलामोठा भाग पेशीबाहेर असतो, ती पेशीपटल एकदाच ओलांडते आणि आत उरते ती छोटीशी शेपटी. प्लेटलेटवरच्या अल्फा-२बी साखळीची शेपटी २० अमिनो आम्लांची, तिच्या जोडीदार बीटा-३ ची ४७ ची. (बीटा-४ चा प्रकार वेगळाच. तिची शेपटी हजाराच्या वर जाते आणि इतरांसारखी पेशीच्या सांगाड्यातल्या अ‍ॅक्टिनच्या तंतूंशी न जोडता केराटिनच्या तंतूंशी जोडली जाते.)

१९८६ मध्येच हॉरविट्झ आणि बरिज यांच्या प्रयोगात टॅलिन हे आतलं प्रथिन या ग्राहीला धरताना दिसलं. पण पकड फारच सैल होती. पुढे शेपटीला चिकटणाऱ्या प्रथिनांची यादी लांबत गेली. मात्र त्यांतलं कोण नुसतं टेकतं आणि कोण ग्राही चालू करतं, म्हणजे त्याला बाहेर घट्ट पकडायला लावतं, हे त्या यादीवरून कळणार नव्हतं.

ते कळायला प्लेटलेट कामी आल्या. वाहत्या रक्तात प्लेटलेटवरचं इंटिग्रिन बंदच राहायला हवं, नाहीतर गुठळ्या होतील. जखम झाली की मात्र ते क्षणात चालू व्हायला हवं, आणि तो आदेश आतून येतो. ग्लान्झमान यांनी १९१८ मध्ये वर्णन केलेल्या रक्तस्रावाच्या आजारात याच ग्राहीत दोष असतो. १९९२ मध्ये अशा एका रुग्णात बीटा-३ च्या शेपटीत ७५२ व्या जागी सेरीनऐवजी प्रोलीन सापडलं. ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर होता, पण चालू होत नव्हता. माझ्या मते शेपट्यांच्या इतिहासातला हा सर्वांत बोलका पुरावा.

१९९६ मध्ये गिन्सबर्ग यांच्या गटाने फार सुंदर प्रयोग केला. अल्फा-२बी मधलं धनभारित आर्जिनिन (९९५) आणि बीटा-३ मधलं ऋणभारित अ‍ॅस्पार्टिक आम्ल (७२३) एकमेकांना ओढून दोन्ही शेपट्या जवळ ठेवतात, असा तर्क होता. यांतल्या कोणत्याही एकाचा भार उलटा केला की ग्राही आपोआप चालू झाला. दोन्ही उलटे केले तर आकर्षण परत आलं आणि ग्राही पुन्हा बंद! जणू दाराची कडी.

प्रत्यक्ष रचना दिसायला वेळ लागला. २००१ च्या गाजलेल्या स्फटिकरचनेत अल्फा-व्ही बीटा-३ चा फक्त बाहेरचा भाग होता, शेपट्या नव्हत्याच. २००२ मध्ये एनएमआर (अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुनादावरून रेणूची रचना शोधण्याच्या) तंत्राने दोन शेपट्यांची परस्परांतली पकड आणि टॅलिनच्या डोक्याकडच्या भागामुळे तिचं सुटणं दिसलं. पुढच्याच वर्षी बीटा-३ च्या तुकड्यावर बसलेल्या टॅलिनची स्फटिकरचना हाती आली, आणि टॅलिन हीच शेवटची पायरी असल्याचंही दाखवलं गेलं.

प्रश्न मिटला असं वाटत असतानाच २००८ मध्ये किंडलिन-३ हे शेपटीला चिकटणारं दुसरं प्रथिन नसलेल्या उंदरांनी घोळ घातला. त्यांच्या प्लेटलेटमध्ये टॅलिन होतं, तरी ग्राही चालू होईना. किंडलिन शेपटीच्या टोकाकडे बसतं, ७५२ च्या परिसरात. १९९२ च्या रुग्णाचं कोडं अशा रीतीने सोळा वर्षांनी उलगडू लागलं. शिवाय टॅलिनच्या जागेवर फिलामिन हे आणखी एक प्रथिनही हक्क सांगतं, हे २००६ च्या रचनेतून समोर आलं होतं. एकाच आखूड पट्टीवर इतक्यांना आळीपाळीने बसायचं, तर पकड सैलच हवी.

अ‍ॅबसिक्सिमॅब, एप्टिफिबाटाइड, टायरोफिबॅन ही प्लेटलेटच्या गुठळ्या रोखणारी औषधं मात्र सगळी ग्राहीच्या बाहेरच्या भागावरच बसतात. शेपटीला लक्ष्य करणं अवघड, कारण जवळजवळ सगळी इंटिग्रिनं त्याच टॅलिनवर आणि किंडलिनवर विसंबून असतात.