परिचारिका-संशोधक (आरोग्यसमता व सक्रिय जीवन)

आजार दवाखान्यात पोहोचण्याआधीच्या जगण्याचा अभ्यास करणारी परिचारिका. चालणे, खेळ आणि विसावा कोणाच्या वाट्याला येतो व कोणाच्या नाही, हा तिचा विषय. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षे, सामुदायिक आरोग्यातले एम.एस्सी. दोन वर्षे, पुढे पीएच.डी. अशी ही वाट आहे.

कागद हे परिचर्येचे जुनेच हत्यार. फ्लॉरेन्स नाइटिंगेल भारतात कधी आल्या नाहीत. इथल्या लष्करी छावण्यांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन त्यांनी पाणी-गटारांचे हाल मांडले (१८६३). अमेरिकन परिचारिका नोला पेंडर यांच्या आरोग्यसंवर्धन प्रारूपात (१९८२) माणसाला जाणवणाऱ्या अडथळ्यांना मोठे स्थान आहे. कोल्हापुरात असे अडथळे शोधायला लांब जावे लागत नाही. शाहू महाराजांच्या खासबाग मैदानाचा आणि पेठापेठांतल्या तालमींचा अभिमान सगळ्यांना. पण तांबड्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या घुमले ते पुरुषच.

आशाताई, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या आरोग्य स्वयंसेविका, तिशीपुढच्या प्रत्येकाचा असंसर्गजन्य आजारांसाठीचा (मधुमेह, रक्तदाब वगैरे) तक्ता भरतात. त्यात एक प्रश्न आठवड्यातल्या १५० मिनिटांच्या शारीरिक हालचालीचा. रंकाळ्याला रोज फेरी मारणारे पेन्शनर चटकन ‘हो’ म्हणतात. कागल-शिरोळच्या फडात उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी, बीडकडून आलेली बाई व्यायामाचे नाव काढताच ‘न्हाई’ म्हणून मोकळी होते, आणि धोक्याचा एक गुण तिच्या नावावर चढतो. खरी मेख इथे आहे. मराठीत कष्ट वेगळे, व्यायाम वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली काम, प्रवास आणि फावला वेळ यांतली हालचाल वेगवेगळी विचारते, म्हणून संशोधनाला ती बरी. तरी फडातली हालचाल मिनिटांत मोजून भागत नाही: कधी थांबायचे हे त्या बाईच्या हातात नसते. तिला ‘रोज चाला’ सांगणे म्हणजे थट्टाच.

तक्त्यात कमरेचा घेरही येतो. बायकांसाठी ८० सेंटिमीटरपुढे गुण चढू लागतात. फडातली बाई भेटते दिवेलागणीनंतर, कोपीपुढच्या (ऊसतोड्यांच्या झोपडीपुढच्या) चुलीवर भाकऱ्या थापताना. टेप निऱ्यांवरून धरला तर माप फुगते आणि लुगडे सैल करायला आडोसा नसतो. अशा वेळी अंदाजे आकडा टाकण्यापेक्षा रकाना कोरा ठेवून, तो का कोरा राहिला हे शेजारी लिहिलेले बरे.